गरम पाण्याची रीतसर खरेदी

६ नोव्हेंबर, सकाळ

आज पातेलं पुन्हा जळलं. पाणी मी ठेवलं होतं, जाळलं नानांनी.

वडील असले तरी खरं ते लिहायला हवं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस विसरणारच. मी चहाचं आधण ठेवून दाढीला गेलो. दाढी झाली, पेपर वाचला, पेपरात काही नव्हतं म्हणून परत वाचला. वास आला तेव्हा नाना गॅलरीत ऊन खात बसले होते. विचारलं, गॅस बंद का नाही केलात? ते म्हणाले, मला काय माहीत तू ठेवलंयस. हे उत्तर नव्हे. घरात काय पेटलेलं आहे याचं भान माणसाला हवं.

निश्चय: गरम पाण्याचं इलेक्ट्रिक मशीन घ्यायचं. बटण दाबलं की पाणी. आग नाही, पातेलं नाही, विसरणं नाही. पंधरा दिवसांत. सगळी नोकरी कंपनीच्या खरेदी विभागात गेली. बॉयलर घेतले, क्रेन घेतली. पाणी गरम करायचं मशीन म्हणजे अगदीच किरकोळ.

७ नोव्हेंबर

बायको म्हणाली, संध्याकाळी शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊनच येते. वेळीच थांबवलं. बाजारहाट वेगळा, खरेदी वेगळी. आधी गरज ठरते, मग स्पेसिफिकेशन, मग तीन कोटेशन, मग तुलना, मग ऑर्डर. ती म्हणाली, अहो, गरज काल ठरली की, बाहेर बादलीत भिजत पडलीय बघा. मी म्हणालो, ते पातेलं. गरज नव्हे.

ती लहान मुलांना शिकवते. तिथे घाई चालते.

तोवर चहा नानांनीच करावा असं तिचं म्हणणं. म्हणजे ज्यांनी जाळलं त्यांच्याच हातात गॅस. बायकोचा स्वभाव मायाळू आहे, पण धोका कशाशी खातात हे तिला माहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ओटा मोजला. खिडकीजवळ जागा आहे. वरच्या कपाटाला वाफ लागता कामा नये, लाकूड फुगतं.

रोजचा खप काढायचा म्हणून नानांना विचारलं, दिवसातून किती गरम पाणी लागतं तुम्हाला? ते म्हणाले, तू देशील तेवढं. लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, या मशीनला विसरलेलं चालतं का रे? मी समजावलं: पाणी उकळलं की आपोआप थांबतं, टाकी कोरडी असेल तर तापतच नाही. माणसाने कितीही विसरावं, ते विसरत नाही. नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, बरं झालं, तुझी काळजी मिटली.

माझी काळजी त्यांना, असा उलटा हिशेब. वयाचा परिणाम. लक्ष ठेवायला हवं.

१२ नोव्हेंबर

दुकान. काउंटरवरच्या बाई चलाख, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, दोन प्रकार येतात. एक टाकीवालं: पाणी उकळवून भरून ठेवतं, दिवसभर गरम राखतं. दुसरं झटपट: दाबलं की तेवढंच तापवून देतं, वीज वाचते, पण धार बारीक आणि कप भरेपर्यंत उभं राहावं लागतं. मी विचारलं, टाकी आतून कशाची, क्षार किती जमतो, झाकणाला धरून उचललं तर निखळतं का, कोरडं पेटलं तर किती वेळात बंद होतं. त्या म्हणाल्या, लगेच. मी म्हणालो, लगेच म्हणजे किती? त्या म्हणाल्या, काका, तुम्हाला प्यायलाच हवंय ना पाणी?

लेखी कोटेशन मागितलं. त्यांनी खोक्यावर छापलेल्या किमतीवर बोट ठेवलं. म्हणालो, हे सगळ्यांसाठी आहे, माझ्यासाठी वेगळं द्या. शेवटी दुकानाच्या कागदावर तीच किंमत लिहून दिली. आता काम नियमात बसलं.

बाहेर पडताना त्या मागून हाका मारत आल्या, पिशवी राहिली म्हणे. माझी नव्हती. परत केली. घरी आल्यावर बायको म्हणाली, माझी चौकड्याची पिशवी कुठंय? दुकानांनी लोकांच्या सामानाबाबत जबाबदारीने वागायला हवं.

१५ नोव्हेंबर

ऑफिस. ड्रमची ऑर्डर दोनदा गेली. आवारात आता इतके निळे ड्रम उभे आहेत की साहेबांची गाडी रस्त्यावर लावावी लागते. कॉम्प्युटरची चूक. कॉम्प्युटर माझ्या सहीनिशी चूक करतो, हा त्याचा लबाडपणा.

साहेबांनी आत बोलावलं. बसा म्हणाले, दार लावून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, यापुढे सह्या तुमची असिस्टंट करेल, तुम्ही फक्त मार्गदर्शन करा. उशिरा का होईना, माझी किंमत वरच्यांना कळली. असिस्टंटला बातमी द्यायला गेलो तर तिला आधीच माहीत होती. डोळे पुसत होती. बढतीचा आनंद.

दुपारभर मार्गदर्शन केलं. कुणी काही विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर

दुधाचं भांडं. या वेळी धूर पार बाहेरच्या खोलीपर्यंत. खालच्या मजल्यावरच्या काकू धावत वर आल्या, त्यांनीच गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मी खुर्चीत बसून स्पेसिफिकेशन पक्कं करत होतो. एकाग्रता लागली की मला वास येत नाही.

नाना घरात नव्हते. केस कापायला गेले होते. म्हणजे जाण्याआधी गॅस लावून गेले. हे जास्त गंभीर.

काकू म्हणाल्या, अहो भाऊजी, तुम्ही ओट्याच्या समोरच बसला होतात की. समोर नव्हतो. तिरका होतो.

संध्याकाळी बायकोला सविस्तर रिपोर्ट दिला. नाना गेले कधी, दूध पेटलं कधी, सगळं. ती भांडं घासत राहिली. ते कधीच निघालं होतं, तरी घासत राहिली. एक शब्द नाही. तिचं गप्प बसणं म्हणजे संमती.

ओट्याच्या वर छताला काळं वर्तुळ उमटलंय. स्टुलावर चढून पुसलं. वर्तुळ मोठं झालं.

२१ नोव्हेंबर

नानांनी कबूल केलं.

मी मागच लागलो होतो. जेवताना परत विषय काढला की सत्य मान्य केल्याशिवाय सुधारणा नाही. बायको म्हणाली, पुरे हो आता, म्हाताऱ्या माणसाच्या किती मागे लागाल. तेव्हा नानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, मीच केलं. पातेलं पण मीच, दूध पण मीच. त्या दिवशी जाताना लावून गेलो असेन. झालं?

मोठ्या मनाने माफ केलं. म्हणालो, या वयात होतं असं, लाजायचं काही कारण नाही. ते म्हणाले, हो रे, या वयात होतं. बायको ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नळ सोडलेला ऐकू येत होता.

घरात एक प्रकारची शांतता आहे. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. शिस्तीचा परिणाम.

२५ नोव्हेंबर

तुलना पूर्ण. झटपट प्रकार बाद: नाना कप भरेपर्यंत उभे राहणार नाहीत. स्टीलचं उंच मॉडेल बाद: बटण मागच्या बाजूला, नानांना सापडणार नाही. उरलं टाकीवालं पांढरं मॉडेल. मोठं बटण, कोरडं पडलं की बंद, खाली ठिबकणारं पाणी धरायला ताटली.

दुकानात जाऊन ऑर्डर दिली. बाई म्हणाल्या, घरपोच येईल.

संध्याकाळी कंपनीच्या नियमाप्रमाणे घरात बैठक घेऊन निर्णय जाहीर केला. नाना म्हणाले, चांगलं केलंस. बायको म्हणाली, एकदाचं. सर्वांचं एकमत.

२८ नोव्हेंबर

आज आंघोळ करता करता एकदम सुचलं. टाकीवालं घ्यावं. पांढरं. बटण मोठं हवं आणि ठिबकणाऱ्या पाण्यासाठी ताटली हवी. इतके दिवस कोटेशनच्या नादात साधी गोष्ट नजरेआड झाली होती. निर्णय असा क्षणात होतो, त्याला अनुभव लागतो.

तडक दुकानात. बाईंनी मॉडेल ऐकून विचारलं, आणखी एक? हीच यांची युक्ती: माणूस एक घ्यायला जातो आणि या दोन गळ्यात मारतात. ठणकावून सांगितलं, एकच. आणि त्वरित. त्यांनी ऑर्डरचं पुस्तक मागे उलटून पाहिलं. खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं. घरी कोण कोण असतं ते विचारलं. दुकानदारी सुधारतेय.

२ डिसेंबर

काल एक खोकं आलं. आज दुसरं. आत तेच पांढरं मॉडेल.

बायकोने विचारलं, ही दोन कशी? दुकानाची चूक म्हणालो. तिने दुकानात फोन लावला, गॅलरीत जाऊन बोलली, आत आली. म्हणाली, अहो, सह्या तुमच्याच आहेत दोन्ही ऑर्डरवर.

मग आठवलं. कंपनीत महत्त्वाच्या मशीनला नेहमी एक जादा ठेवतात. एक बंद पडलं तर काम अडायला नको. हे मी मुद्दाम केलेलं असणार.

३ डिसेंबर

वायरमन आला. म्हणाला, ओट्याजवळचा पॉइंट मिक्सरपुरता आहे, यावर हे चालवलं तर वायर तापेल. मीटरपासून वेगळी लाइन ओढायला हवी, अर्ध्या दिवसाचं काम. बायको म्हणाली, ओढा, आत्ताच. मी म्हणालो, थांबा. एकाच माणसाच्या सांगण्यावरून भिंत फोडायची? आणखी दोन वायरमनकडून कोटेशन येऊ दे. बायको म्हणाली, अहो, पाया पडते. त्या माणसासमोर असं बोलायला नको होतं. त्याला परत पाठवलं.

दोन्ही खोकी बाहेरच्या खोलीत, एकावर एक. नाना त्यावर पेपर ठेवतात.

५ डिसेंबर

बायकोने गॅसचे नॉब काढले. ओढले की निघतात, हे मला माहीत नव्हतं. नॉब नसलेला गॅस दात काढलेल्या तोंडासारखा दिसतो.

कल्पना योग्य. नानांच्या सुरक्षेसाठी कडक उपाय हवेच होते. पण नॉब तिने ठेवायला दिले कुणाकडे? नानांकडे. ज्यांच्यापासून लपवायचे त्यांच्याच खिशात. सदऱ्याच्या खिशात घालून ते दिवसभर घरात हिंडतात, चालताना खुळखुळ आवाज येतो. मी चहाला उठलो की तेही उठतात, नॉब लावतात, चहा होईपर्यंत शेजारी उभे राहतात, नॉब काढतात, खिशात टाकतात. मी बायकोला म्हणालो, ही व्यवस्था उलटी आहे. ती म्हणाली, राहू दे ना, नानांना तेवढाच विरंगुळा.

कर्तव्य म्हणून मी नानांवर लक्ष ठेवतो. ते माझ्यावर ठेवतात. दुपारभर आम्ही दोघं खुर्च्यांत असे बसून असतो.

(ऑफिसने साठलेली रजा घ्या म्हणून सांगितलं आहे. सगळी. मार्गदर्शनाचा ताण त्यांच्या लक्षात आलेला दिसतो.)

८ डिसेंबर

मुलगी आली. पुढच्या महिन्यात येणार होती, आत्ताच आली. दारात मला मिठी मारली ती सोडेना. म्हणालो, अगं, प्रवासात काही झालं का? म्हणाली, नाही बाबा, काही नाही. खोक्यांकडे बघितलं, छताकडे बघितलं, नानांच्या खिशाकडे बघितलं. आजोबा, कसे आहात विचारलं. नाना म्हणाले, माझं काय, मी ठणठणीत.

रात्री जेवणानंतर ती म्हणाली, आजोबांना एकदा डॉक्टरांकडे दाखवून आणू. बाबा, तुम्हीही चला, तुम्ही असलात की त्यांना धीर येतो. अशा वेळी घरातला कर्ता माणूस बरोबर हवाच. हो म्हणालो. तिघंही एकदम उठून कामाला लागली.

१० डिसेंबर

डॉक्टरीणबाई तरुण, पण पद्धत चांगली. म्हाताऱ्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून सगळे प्रश्न त्यांनी मलाच विचारले. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कितव्या मजल्यावर आहोत. मी सहकार्य केलं. मजला चुकला, पण लिफ्टमध्ये आकडे नीट दिसत नव्हते.

मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले. खुर्ची आणि नदी लगेच सांगितले. तिसरा शब्द फार सोपा होता, म्हणून त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. भिंतीपाशी बसलेले नाना हळूच म्हणाले, घोडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, तुम्ही सांगायचं नाही. नाना म्हणाले, राहवलं नाही हो. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ते असेच माझ्यामागे बसून पुटपुटायचे.

मला बाहेर बसवून आत बरंच बोलणं झालं. नानांची तब्येत गंभीर असावी. बाहेर आले तेव्हा नानांचा चेहरा उतरलेला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, घाबरू नका, मी आहे. त्यांनी मान हलवली.

बिल माझ्या नावावर, म्हणून गोळ्याही माझ्या नावावर लिहून दिल्या. बायको म्हणाली, नानांना एकट्याने घ्यायच्या जिवावर येतात, तुम्हीही घेत जा सोबत. घेतो. घरच्यांसाठी माणूस काय काय करतो.

१३ डिसेंबर

मुलगी परत गेली. निर्णय घेतला. नानांनी काही दिवस ताईकडे राहावं. तिचं घर तळमजल्यावर आहे आणि दिवसभर माणसं असतात. तिला फोन केला. ती म्हणाली, नाना कधीही येऊ देत, पण तू कसा आहेस रे? मी म्हणालो, उत्तम. ती म्हणाली, सकाळीही हेच बोललास. सकाळी मी फोन केला नव्हता. ताईचंही वय झालं.

बायको भडकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढला. नाना गेले तर मी नोकरी सोडू का, म्हणाली. वार्षिक तपासणी तोंडावर आलीय, शुक्रवारपर्यंत एक दिवस सुट्टी मिळत नाही. मला संबंध कळला नाही. नाना गेले की तिचं काम कमी होणार. नोकरी सोडायचा प्रश्न येतो कुठे? मी ऐकलं नाही. आवाज माझाही चढला असावा, कारण खालच्या काकू वर आल्या. खुर्ची कशी मोडली ते कुणी पाहिलं नाही.

शेवटी नानाच म्हणाले, सूनबाई, जातो मी चार दिवस. त्याचं मन राहू दे. शुक्रवारी परत येतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, पण तुझ्याकडे कोण बघेल?

हसू आलं. नानांना वाटतं मी अजून शाळेत जातो.

१६ डिसेंबर, सकाळ

काल नाना गेले. ताईचा मुलगा गाडी घेऊन आला होता. जाताना त्यांनी खिशातले नॉब बायकोच्या हातात मोजून दिले. तिने पर्समध्ये टाकले आणि पर्स घेऊन आज शाळेत गेली. जाताना खालच्या काकूंना सांगितलं, येऊन जाऊन बघत जा. मला सांगितलं, थर्मासमध्ये चहा आहे, आणि गोळी, आणि कुठे जाऊ नका. दारातून परत आली, परत तेच सांगितलं, परत गेली. तिच्याही विसरण्याची नोंद करायला हवी.

घर शांत. खुळखुळ नाही. धोका टळला. वास्तविक आता नॉबची गरजच नाही, कारण जाळणारा माणूस घरात नाही.

थर्मासमधला चहा जुना लागतो.

तरीही अडून राहणारा मी नव्हे. हत्यारांच्या डब्यातून पक्कड काढली. नॉबच्या जागी जो दांडा असतो तो पकडीत धरून फिरवला. पेटला. तीस वर्षं मशिनरीशी संबंध उगाच नाही. आधण ठेवलं. दूध संपलेलं दिसलं. खाली जाऊन येतो.

१६ डिसेंबर, संध्याकाळ

काकूंच्या घरी बसून लिहितो आहे. रोजनिशी खिशात होती हे नशीब.

दुधाचं दुकान नेहमीच्या जागी नव्हतं. हलवताना कुणी सांगण्याची तसदी घेतली नाही. शोधत पुढे गेलो. गल्ल्या एकसारख्या बांधून ठेवल्या आहेत; प्रत्येक कोपऱ्यावर तोच औषधवाला. एका बाकावर बसलो. एका पोलिसाने विचारलं, आजोबा, कुठे जायचंय? मला आजोबा म्हणाला. उत्तर दिलं नाही.

पुढे एका इमारतीसमोर गर्दी होती. अग्निशमन दलाची गाडी, रस्ताभर पाणी. वरच्या एका खिडकीतून काळा धूर निघत होता, पडद्याचा तुकडा जळत खाली आला. बायामाणसं रडत होती. लोक किती निष्काळजी असतात. थांबून बघितलं. आग ओट्याजवळच्या खिडकीपाशी लागलेली दिसत होती, आमच्या खिडकीसारखीच खिडकी. शेजारच्या माणसाला मी म्हणालो, अशा घरात गॅस ठेवूच नये, आता चांगली इलेक्ट्रिक मशीन मिळतात, टाकीवालं घ्यावं, पांढरं. तो बाजूला सरकला.

मग काकूंनी मागून माझा दंड धरला.  अहो भाऊजी, आत आहात म्हणून ती माणसं दार तोडतायत, म्हणाल्या. वर बघून ओरडल्या, सापडले, सापडले.

मी हरवलो नव्हतो.

१७ डिसेंबर

पडदे गेले. खिडकीची चौकट गेली, वरचं कपाट गेलं. माणूस कुणी नाही. दोन्ही खोकी बाहेरच्या खोलीत होती म्हणून वाचली, पुठ्ठा काळा झालाय फक्त. निवड चांगली होती हे यातून सिद्ध होतं.

बायको रात्रीपासून माझा हात धरून बसली आहे. शाळेत गेली नाही. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

नाना ताईकडे. इतक्या लांबून हे त्यांनी कसं केलं, याचा विचार करतो आहे.

१९ डिसेंबर (बायको म्हणते, वीस)

अजून विचार करतो आहे.

२९ डिसेंबर

गॅस नेला. शेगडी, सिलिंडर, लायटर, काडेपेटी, सगळं. वायरमन आला, भिंत फोडली, लाइन ओढली, संध्याकाळच्या आत लिंपूनही गेला. कोटेशन कुणी विचारलं नाही. नवीन ओट्यावर पांढरं मॉडेल. दुसरं दुकानाच्या बाईंनी परत नेलं. स्वतः आल्या होत्या, माझ्याशी बोलताना चष्मा काढून ठेवला.

नाना परत आले. आता ते माझ्याच खोलीत झोपतात, पलंग दाराला लावून.

बायकोने नोकरी अर्ध्या दिवसाची करून घेतली. ऑफिसातून साहेब फुलं घेऊन आले होते. निरोप समारंभ इथेच उरकू म्हणाले. कुणाचा ते बोलले नाहीत.

मशीनला लॉक आहे. आकडे दाबले की मोठं बटण चालतं. लहान मुलांनी हात घालू नये म्हणून असतं. घरात लहान मूल नाही. आकडे बायकोला माहीत आहेत, नानांना माहीत आहेत, फोनवरून मुलीलाही सांगितले. मला सांगितले होते म्हणतात.

आज दुपारी चहाची वेळ झाली. बायको शाळेत. कप घेऊन मशीनसमोर उभा राहिलो. माझं जन्मसाल दाबलं. बायकोचं दाबलं. ऑफिसचा जुना कोड दाबला. दिवा लाल. लग्नाचं साल दाबणार होतो, ते आलं नाही. तसाच उभा होतो.

नाना मागून आले. किती वेळ मागे होते माहीत नाही. आकडे सांगा म्हणालो. ते म्हणाले, तू कशाला डोक्याला ताण देतोस. आणि पुढे होऊन त्यांनी दाबले. माझ्याकडे पाठ करून दाबले. दिवा हिरवा झाला. कप धर म्हणाले. धरला. कप हलत होता, खालून वाफ येत होती. तेव्हा त्यांनी आपल्या हाताने माझा हात मनगटाशी पकडला आणि कप भरेपर्यंत सोडला नाही.

म्हातारपणी माणसाला आधार लागतो. मी धरू दिला.